दोन्ही बाजूंनी चावी

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे! टेम्पोतून कपाट उतरवताना एक पाय मोडला. कपाटाचा, टेम्पोवाल्याचा नव्हे. बाबांच्या तीन छत्र्या कुठे गळाल्या ते कळलं नाही. बाकी सगळं धड पोहोचलं, बाबांसकट.

घर बसकं, एकमजली आहे. पुढची खोली, तिला लागून न्हाणीघर, मग मागची खोली आणि शेवटी स्वयंपाकघर. मागचं दार कुणीतरी कधीकाळी विटांनी बुजवून टाकलंय, आणि सगळ्या खिडक्यांना गज आहेत. म्हणजे आत-बाहेर करायला पुढचं दार तेवढं एक. त्या दाराच्या कुलपाला बाहेरून लागते तशी आतूनही चावी लागते. आतून नुसता खटका फिरवून दार उघडता येत नाही. घरमालकीणबाई फोनवर ओशाळल्यासारख्या म्हणाल्या की ते आधीपासूनच तसं आहे, गैरसोय वाटली तर बदलून घ्या. मी म्हटलं, अहो, गैरसोय कसली, त्या कुलपावर भाळूनच तर मी घर घेतलंय.

कारण बाबा. गेली दोन वर्षं त्यांना विसर पडत चाललाय, आणि या वर्षात ते दोनदा घरातून निघून गेले. दुसऱ्यांदा सापडले ते सहा तासांनी, बसच्या शेवटच्या थांब्यावर, पायात एकच चप्पल. दादाने त्याच दिवशी फोनवर निर्वाणीचं सांगितलं, की आणखी एकदा असं झालं तर बाबा वृद्धाश्रमात. त्याने नाव नोंदवूनही ठेवलंय. दादा वाईट नाही. पण तो लांब राहतो आणि त्याला सगळ्या गोष्टी निकालात काढायची घाई असते. मी त्याला म्हटलं, माझ्या हातून पुन्हा सुटले तर मीच आणून सोडीन. बोलून तर बसलेय.

बाबा आत्ता पुढच्या खोलीत खिडकीशी बसलेत. खोली पावलांनी मोजून झाली. आयुष्यभर जमीनमोजणीच्या खात्यात काढलेला माणूस, दुसरं काय करणार? साडेपाच पावलं, म्हणाले. मला छान वाटतंय. खूप दिवसांनी छान वाटतंय.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात रुळले. काम तेच, चष्म्याच्या काचा घासून फ्रेमीत बसवायच्या. मालक कमी बोलतात, हा त्यांचा मोठा गुण. अकरा ते पाच वेळ आहे आणि दुकान घरापासून दहा मिनिटांवर. मधे दोन वाजता येऊन बाबांना खायला घालून जाते. त्यांना कोंडून जाताना जीव तुटतो, खोटं कशाला लिहू? पण खिडकीसमोर रस्त्यापलीकडे एक शिंपीणबाई राहतात. त्यांचं मशीन त्यांच्या खिडकीत आणि बाबा आमच्या खिडकीत. दोघांची तिसऱ्याच दिवशी हात हलवण्याइतकी ओळख झाली. बाई मोठ्या बोलक्या आहेत. बाबांवर माझा एक डोळा राहील, तुम्ही निर्धास्त जा, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

आज संध्याकाळी मात्र त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ते दुसरे गृहस्थ असतात ते कोण?

मी म्हटलं, कुठले गृहस्थ? तर म्हणाल्या, रोज सकाळी दहाच्या ठोक्याला कुलूप उघडून बाहेर पडतात, पुन्हा लावतात आणि दिवेलागणीला परत येतात. नेहमी पाठच दिसते. त्यांना वाटलं माझे काका असतील.

दहाला मी अंघोळीला असते. परवा दार वाजल्यासारखं वाटलं होतं, म्हटलं वारा असेल. आता आठवतंय, संध्याकाळी मोरीत एक पेला धुऊन पालथा घातलेला होता. बाबा पेला विसळत नाहीत, पेला कशाला म्हणतात तेच त्यांना कधीकधी आठवत नाही. 

मालकीणबाईंना फोन केला. आजवर किती भाडेकरू झाले, कुणाला किती चाव्या दिल्या, कुणी परत केल्या, कशाचा पत्ता नाही. दोन तुमच्याकडे आहेत ना, मग झालं तर, म्हणाल्या. म्हणजे माझ्या घराची चावी कुणातरी उपटसुंभाच्या खिशात आहे आणि तो माझ्या आजारी बापासमोरून ये-जा करतोय. बाबांना विचारलं. ते म्हणाले, चांगला आहे तो, कामाला जातो.

उद्याच चावीवाला गाठते.

९ नोव्हेंबर, शनिवार

झालं काम! कोपऱ्यावर ज्यांची टपरी आहे ते चावीवाले काका सकाळी साडेआठलाच हजर झाले. त्यांच्या चष्म्याची काच ओरखडलेली होती. म्हटलं, ती मी बदलून देते, तुम्ही माझं कुलूप बघा.

मला वाटलं होतं अख्खं कुलूप बदलावं लागेल. काका म्हणाले, मुळीच नाही, कुलूप उत्तम आहे, फक्त आतल्या खिट्या बदलू. त्यांनी मला उलगडून दाखवलं. कुलपाच्या पोटात दोन्ही बाजूंना पाच-पाच बारीक पितळी खिट्या असतात, प्रत्येक वेगळ्या लांबीची. चावीचे दाते त्यांना नेमके एका रेषेत उचलतात, आणि मगच कुलूप फिरतं. खिट्या बदलल्या की जुनी चावी भोकात जाते, पण फिरत नाही. केसभराचा फरक पुरतो. मला हे फार आवडलं. आमच्याकडेही काच केसभर मोठी राहिली की फ्रेमीत बसत नाही. आम्ही दोघं एका पंथाचे निघालो.

काकांची एक रीत आहे. काढलेल्या जुन्या खिट्या ते टाकून देत नाहीत. कागदाच्या पुडीत बांधतात, वर तारीख घालतात आणि गिऱ्हाइकाच्या हातात देतात. खिट्या खरंच बदलल्या का, अशी शंका माणसाला मागाहून खात राहते. पुडी जवळ असली की शंका मिटते, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षांत एकानेही ती पुडी परत आणली नाही म्हणे.

जाताना त्यांनी दाराच्या आतल्या अंगाला बोट लावून दाखवलं. चावीच्या भोकाभोवती पत्रा झिजून गुळगुळीत झालाय. म्हणाले, रोज चावी घालून झीज होते ती बाहेरून. आतून एवढी झीज मी पाहिली नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं आतून उघडून जात असणार.

असेना. आता दोनच नव्या चाव्या आहेत आणि दोन्ही माझ्या गळ्यात दोऱ्याला. घर माझं झालं. बाबांना म्हटलं, आता यायचाच नाही तो. बाबा म्हणाले, पण तो आतच आहे ना अजून.

बिचारे बाबा.

१० नोव्हेंबर, रविवार

आज सुट्टी. दहा वाजता केस पुसत पुढच्या खोलीत आले तर कुलपात चावी घातल्याचा आवाज. फिरवायचा प्रयत्न. पुन्हा एकदा, आणि मग पुन्हा. माझ्या अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर हसूही आलं. म्हटलं, फिरव बाबा, फिरव, बघ काय होतं ते! धीर करून खिडकीतून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. एवढ्यात पळाला कसा?

समोर शिंपीणबाई मशीनवर होत्या. त्यांना खुणेने विचारलं, आत्ता कोण आलं होतं? त्यांनी मान हलवली. दाराशी कुणीही आलं नव्हतं. मी सकाळपासून इथेच आहे, म्हणाल्या.

त्या कापडाकडे बघत असतील.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल आणि आजही, दहाच्या ठोक्याला. न्हाणीघरातून ऐकलं आणि साबण तसाच ठेवून धावले. दाराबाहेर कुणी नाही.

पण एक चांगली गोष्ट लिहायची राहिली. बाबा बोलायला लागलेत! दोन वाजता आले तेव्हा पुढच्या खोलीत त्यांच्या गप्पा रंगात आल्या होत्या. खिडकीकडे पाठ, समोर रिकामी खुर्ची, आणि शेळीची गोष्ट चालली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी सहा महिने खपून काढलेला गावाचा नकाशा शेळीने खाल्ला आणि साहेबाने शेळीच्या नावाने खुलासा मागवला, ती. ही गोष्ट मी लहानपणापासून हजारदा ऐकली असेन. गेलं वर्षभर त्यांना ती सबंध सांगता येत नव्हती. आज एकही तपशील चुकला नाही, साहेबाचा आवाजसुद्धा काढला. मी दाराआड उभी राहून डोळे पुसले. दादाला फोन करून सांगितलं की घर मानवलं बाबांना.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काल जेवताना म्हटलं, बाबा, ती शेळीची गोष्ट सांगा ना. ते माझ्याकडे बघत राहिले. कुठली शेळी? मी सुरुवात करून दिली. त्यांना काही लागेना. विसरले होते असं नाही. त्यांना ती कधी ठाऊकच नव्हती, असा चेहरा.

आज दुपारी आले तेव्हा आईची गोष्ट चालली होती. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती झाडावर चढून बसली होती आणि खाली येईना, ती. मी आत गेले तशी गोष्ट थांबली. रात्रीचं जेवण वाढताना त्यांना आईचा फोटो दाखवला.

त्यांनी विचारलं, या कोण?

मी उठून मोरीशी जाऊन रडले. आजार आहे, वाढणारच, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण शिंपीणबाई वेगळंच सांगतात. बाबा दिवसभर बोलत असतात. बोलता बोलता थांबतात, मान डोलावतात, पुन्हा बोलतात. समोरचं माणूस प्रश्न विचारतंय तसं. बाई म्हणाल्या, एकटं माणूस असं बोलत नाही हो.

दाराच्या आतल्या पत्र्यावर ताजे ओरखडे आहेत. बाहेरच्या बाजूला एकही नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात निरोप पाठवून घरी राहिले. पावणेदहालाच दारासमोर स्टूल टाकून बसले. दोन हातांवर दार, माझ्यामागे बाबा, खोलीत तिसरं कुणी नाही.

दहा वाजता आवाज आला. समोरून, माझ्या आणि दाराच्या मधून.

चावी दिसत नव्हती. हात दिसत नव्हता. पण भोकाच्या कडेचा पत्रा माझ्या देखत ओरखडला गेला, एक बारीक चकचकीत रेघ. मग दार आतून दोनदा ओढलं गेलं. हळू. चिडून नव्हे, तर अडकलेलं दार माणूस ओढून बघतो तसं. मला उठताही येईना.

बाबा मागून म्हणाले की त्याला जाऊ दे ना, त्याला रोज उशीर होतोय. मग म्हणाले, बाहेर जाता येत नाही म्हणून दिवसभर इथेच बसून असतो बिचारा. कंटाळतो. म्हणून मी त्याला सगळं सांगतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

डोकं ताळ्यावर ठेवून लिहायला हवं.

बाहेरून कुणी येत नव्हतं. जे काही आहे ते याच घरात राहतं. सकाळी दहाला जायचं, दिवेलागणीला यायचं. दिवसा त्याची आणि बाबांची गाठ पडत नव्हती. मी खिट्या बदलल्या. त्याची चावी चालेनाशी झाली. मी त्याला बाबांबरोबर कोंडलं. रोज सहा तास. माझ्या हाताने.

आणि बाबा त्याला जे सांगतात ते बाबांकडे उरत नाही.

घर सोडून जायचं तर जायचं कुठे? दादाकडे गेलं की आठवड्यात आश्रम. कुणाच्या तरी घरी, साध्या कडीच्या दारामागे बाबांना ठेवलं की ते निघून जाणार, आणि पुन्हा आश्रम. शिवाय सकाळी त्यांना नुसतं दारापर्यंत नेलं तर ते मागे वळून कुणाला तरी म्हणाले, चल, तूही चल. मी त्यांना परत आत आणलं.

मग पुडी आठवली. जुन्या खिट्या.

जुन्या परत बसवायच्या. दहाला त्याला जाऊ द्यायचं. आणि ते बाहेर असताना, दिवेलागणीच्या आत, नव्या बसवायच्या. मग दार माझं.

काकांकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. ओरखडे येऊन बघून गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी पुडी परत आणली, एवढंच म्हणाले. उद्या टपरी बंद असते. सोमवारी सकाळी येतील. एकच अट, बाहेर कोण पडतं ते ते बघणार नाहीत. कोपऱ्यावर पाठ करून उभे राहतील आणि मी हाक मारल्यावर येतील.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज बाबांना क्षणभरही सोडलं नाही. त्यांच्या तोंडावर हात ठेवायची वेळ आली, तेही केलं. मी भांडी घासायला पाच मिनिटं पाठ केली —

पाच मिनिटांत दादा गेला. त्यांना मुलगा आहे हेच माहीत नाही.

मी कोण, विचारलं. बराच वेळ बघून म्हणाले, तुम्ही इथे काम करता ना? पण मला एक मुलगी आहे, म्हणाले. ती येईल आता.

एवढं एक उरलंय. देवा, उद्यापर्यंत एवढं राहू दे.

१८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी साडेअकरा

झालं. एकदाचं झालं.

नऊला काकांनी जुन्या खिट्या बसवल्या आणि कोपऱ्यावर गेले. समोर मशीन बंद, शिंपीणबाई बहिणीकडे गेल्यात. मी बाबांना घेऊन स्वयंपाकघरात बसले, दार लोटून. दहाला पाच कमी असताना बाबा न्हाणीघर म्हणाले. अडवणार कशी, पुन्हा कपडे ओले झाले असते. पुढच्या खोलीत पाऊल टाकायची माझी छाती होईना. ते एकटे गेले. कडी लागल्याचा आवाज आला.

दहा वाजले. कुलपात चावी गेली. फिरली! दार उघडलं, दार लागलं, बाहेरून चावी फिरली.

मी मनात शंभर मोजले. मग न्हाणीघराची कडी निघाली आणि बाबा हात पुसत बाहेर आले. मी त्यांना मिठीच मारली. दाराशी धावले, मालकीणबाईंची जुनी चावी आतून भोकात घालून घट्ट धरून ठेवली, आणि खिडकीतून काकांना हाका मारल्या. वीस मिनिटांत नव्या खिट्या बसल्या. या वेळी काकांनी पुडी दिली नाही. जुन्या खिट्या स्वतःच्या खिशात घातल्या, नदीत टाकतो म्हणाले, आणि मागे न बघता गेले.

ते बाहेर. आम्ही आत. दोन्ही चाव्या माझ्या गळ्यात.

त्याच दिवशी, दुपारी चार

काय लिहू, कसं लिहू! बाबांनी मला हाक मारली. चिमणे, म्हणाले. दोन वर्षांनी चिमणे! म्हणाले, चिमणे, चहा टाक, आणि त्या शेळीची गोष्ट तुला शेवटची कधी सांगितली होती मी?

सगळं परत आलंय. शेळी, साहेब, आई झाडावर, दादाचा जन्म, माझे दहावीचे मार्क विषयवार. घेतलेलं सगळं ते जाताना मागे टाकून गेलं, असंच असणार. बाबा ताठ बसलेत. चहाचा कप स्वतः धुऊन पालथा घातला. दादाला फोन लावून दिला, त्याच्याशी असे बोलले की तो पलीकडे रडला.

मग ते म्हणाले, आता तू सांग. किती दिवसांत तुझं काही ऐकलं नाही. खरंच कुणी ऐकलं नव्हतं. मी बसून सगळं सांगितलं. लग्न का मोडलं ते. त्यांना बसथांब्यावर शोधताना मनात काय आलं ते, जे मी कुणाला बोलले नव्हते. शाळा, मैत्रिणी, आई गेली ती दुपार. तीन तास बोलत होते. इतकं हलकं वाटतंय, अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं.

त्यांनी एक चावी मागितली. धडधाकट माणसाला कोंडून ठेवतेस होय गं, म्हणाले. मला लाज वाटली. लगेच दिली. दुसरी तोंड धुताना दोऱ्यासकट काढून पुढच्या खोलीत फळीवर ठेवलीय.

दिवेलागण

आलं. कुलपात जुनी चावी घालतंय, बाहेरून. जाते, फिरत नाही. मी दारामागे उभी राहून ऐकलं. पुन्हा घालतंय. बरं झालं! बस फिरवत! बाबा माझ्या मागे उभे राहून हसताहेत. मीही हसले.

अर्धा तास झाला. अजून चालू आहे. दमल्यासारखं. मधे चावी खाली पडली, चाचपडून उचलली. मी आतून दारावर थाप मारून म्हटलं, जा! हे घर आमचं आहे!

मग बाहेरून कुणीतरी घाबरत बोललं.

अहो बाई, म्हणालं. जरा दार उघडता का? माझी मुलगी इथे राहते. ती वाट बघत असेल.

— स्वयंपाकघरात आहे. कडी लावून. लिहितेय म्हणजे डोकं जागेवर राहील.

न्हाणीघराची कडी. बाबांना कडी लावता येत नाही. वर्षभर लावता आलेली नाही. सकाळी कुणीतरी लावली. मी ऐकलं आणि —

दहाला ते नाही गेलं. त्याने बाबांच्या हातात आपली चावी दिली, दार बाहेरून कसं लावायचं ते सांगितलं आणि बाबांना पाठवलं. दिवसभर बाहेर. एकटे. आणि आता अर्धा तास बाबा कुलूप उघडत होते आणि मी — मी हसले.

दारापलीकडे आहे ते. रागावलेलं नाही. म्हणतंय, चिमणे, चहा निवतोय. म्हणतंय, रोज बाहेर जायचा कंटाळा आला होता गं, आता कुणालाच जायला नको. दोन्ही चाव्या तिकडे. फोन तिकडे.

खिडकी. बाबा भिंतीच्या कडेने चाचपडत इकडे आले. मी गजांतून हात बाहेर घातलाय, त्यांनी माझं बोट धरलंय. हात बर्फ झालाय त्यांचा. शर्ट फाटलाय. मी सांगतेय बाबा मी, मीच ती मुलगी. ते मान हलवतात. नम्रपणे. तुम्ही नाही, म्हणतात. माझी मुलगी वेगळी.

नावाने सांगितलं तर ओळखतील. ते मला ज्या नावाने —

येत नाही. ते नाव येत नाही. वर लिहिलंय, पान उलटून वाचलं, च-ने सुरू होतं. वाचता येतंय. माझं वाटत नाही. तोंडातून निघत नाही. शाळेचं नाव? आईचा चेहरा? दुपारी तर सगळं सांगितलं होतं मी, सगळं —

शिंपीणबाई बहिणीकडेच. हाका मारल्या. कुणी नाही. बाबा, पलीकडे जा, कुणाच्याही घरी जा. ते म्हणतात, नाही, मुलीने सांगितलंय कुठे जायचं नाही.

पुढच्या दाराचं कुलूप. नवी चावी. फिरली. दार उघडतंय —

बाहेर हाक मारतंय. बाबांना हाक मारतंय. बाबांच्या आवाजात नाही.

माझ्या आवाजात.

बाबा, मी आलेय, म्हणतंय, तुमची — ते नाव. ते नाव तिने घेतलं.

बाबांचा चेहरा. इतक्या दिवसांत इतके — हसले. मला म्हणाले, बघा बाई, मी म्हटलं नव्हतं, आली माझी मुलगी.

बोट सोडवताहेत. हळूच, एकेक. बाबा नका. ती मी नाही. मी इथे आहे, बाबा इकडे बघा, मी इथे, मी